फरशीची घासाई आणि न दिसणारी धूळ

मोझॅकची फरशी असो, कोटा किंवा शहाबादी असो, संगमरवर असो की नुसता सिमेंटचा कोबा, त्या जमिनीला चकाकी येते ती तिचा वरचा थर झिजवून काढल्यावर. यंत्राच्या फिरत्या तबकडीखाली बसवलेले घर्षक दगड, ज्यांना कारागीर नंबराने ओळखतात, आधी खरखरीत आणि मग क्रमाने बारीक असे वापरले जातात. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, या हिशेबाने साठच्या आसपासच्या नंबराने फरश्यांमधला उंचसखलपणा काढतात, १२० ने पहिल्या घासाईचे ओरखडे पुसतात आणि ३२० किंवा ४०० ने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाची पूड, चौरस मीटरला साधारण ३३ ग्रॅम या प्रमाणात, भुरभुरून आणि पाणी शिंपडून नमद्याने किंवा गोणपाटाने घोटले की काम पुरे होते. या सगळ्यात जमिनीवरून नेमके किती द्रव्य निघून जाते याचा विचार सहसा कोणी करत नाही. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर भरते, आणि तेथील सिमेंटयुक्त जमिनीचा केवळ एक मिलिमीटर थर घासला तरी त्यातून सुमारे २५ किलो पूड तयार होते. घासाईतील धुळीचा प्रश्न म्हणजे या २५ किलो पुडीचे काय होते, हा प्रश्न आहे.

ही पूड एकसारखी नसते. तिच्यात वाळूच्या कणाएवढे दाणे असतात तसेच मायक्रॉनच्या मापाचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागणारे कणही असतात, आणि या दोहोंचे हवेतील वागणे पूर्णपणे वेगळे असते. स्थिर हवेत पडणाऱ्या सूक्ष्म कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेल्या सूत्रावरून काढता येते. व्यास दहापट घटला की पडण्याचा वेग शंभरपटीने घटतो. दगडाच्या घनतेचा शंभर मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून काही सेकंदांत खाली येतो, दहा मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला तीन मिनिटे लागतात, आणि एक मायक्रॉनचा कण सुमारे पाच तास तरंगत राहतो. हा हिशेब स्थिर हवेचा आहे. प्रत्यक्ष खोलीत माणसे वावरतात, दारे उघडतात, पंखा फिरतो, त्यामुळे बारीक कण खाली येता येता पुन्हा वर उचलले जातात आणि यंत्र बंद झाल्यावरही कित्येक तास श्वासाबरोबर आत जात राहतात.

माणसाच्या डोळ्याला सुटा कण दिसतो तो साधारण पन्नास मायक्रॉनपर्यंतचा. केसाची जाडी साधारण तेवढी किंवा त्याहून थोडी जास्त. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव दहा मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण अडवतात, पण चार-पाच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांच्या अगदी टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. म्हणून या कणांना श्वसनयोग्य धूळ म्हणतात. यावरून एक उलटा वाटणारा पण महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पडद्यांवर, कपाटांवर आणि देवघरातल्या तसबिरींवर बसलेला जो पांढरा थर पाहून घरातली माणसे वैतागतात, तो धुळीचा सर्वांत कमी घातक भाग असतो. खरा धोका हवा स्वच्छ दिसू लागल्यानंतरही तिच्यातच असतो.

हा धोका किती, हे घासल्या जाणाऱ्या दगडात स्फटिकरूप सिलिका, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, किती आहे यावर बरेचसे ठरते. संगमरवर आणि शुद्ध चुनखडक यांत ती साधारण दोन टक्क्यांपर्यंत असते, ग्रॅनाइटमध्ये २० ते ४५ टक्के, काँक्रीट आणि सिमेंटच्या गिलाव्यात वाळूच्या प्रमाणानुसार २५ ते ७० टक्के, तर वालुकाश्मात ७० ते ९० टक्के. कोटा हा चुनखडकच असला तरी त्यात सिलिकेचे प्रमाण संगमरवरापेक्षा बरेच जास्त असते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुक्त क्वार्ट्झ फारच थोडा असल्याने त्याच्या खडीपासून धोका कमी, पण त्याच काँक्रीटमधली नदीची वाळू हा हिशेब बदलून टाकते. मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवराच्या चिपा आणि बहुधा संगमरवराचीच भुकटी असल्याने तो तुलनेने सौम्य असतो; जुना कोबा घासताना मात्र सर्वाधिक सावधगिरी हवी. प्रत्यक्षात घडते ते नेमके याच्या उलट, कारण महागड्या संगमरवरासाठी अनुभवी कारागीर आणि चांगले यंत्र बोलावले जाते आणि कोबा मात्र कोणाकडूनही खरवडून घेतला जातो.

क्वार्ट्झचा कण वायुकोशात पोहोचला की शरीरातील भक्षक पेशी तो गिळतात, परंतु तो त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या झटापटीतून दाह निर्माण होतो, त्याच्या जागी तंतुमय गाठी धरतात आणि फुप्फुसाची लवचिकता हळूहळू नाहीशी होते. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. बहुधा तो दहा किंवा अधिक वर्षांच्या कामानंतर दिसतो, परंतु धुळीचे प्रमाण फार असेल तर काही वर्षांतच, क्वचित काही महिन्यांतही उद्भवतो. एकदा झालेली हानी भरून काढणारे औषध नाही, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाची बाधा होण्याची शक्यता अनेकपटींनी वाढते, ही गोष्ट क्षयाचे प्रमाण मुळातच मोठे असलेल्या देशात विशेष गंभीर ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. भारतात या विकाराचा इतिहास दुःखद आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे ज्या कारखान्यांत शाळकरी मुलांच्या पाटीवरच्या पेन्सिली दगडातून कापल्या जात, तेथील कामगारांमधील सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात केला. गुजरातेतील खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्येही हाच विकार आढळला. दोन्ही ठिकाणी काम एकच होते: दगड फिरत्या चाकावर कोरडा धरणे.

हवेत किती सिलिका चालेल, याची मर्यादा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा प्रशासनाने २०१६ साली आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम अशी ठरवली. भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनयोग्य धुळीसाठी एक सूत्र दिलेले होते: दहाला क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे, म्हणजे घनमीटरमागे किती मिलिग्रॅम धूळ चालेल ते मिळते. तीस टक्के क्वार्ट्झ असलेल्या धुळीसाठी हे उत्तर सुमारे ०.३१ येते, आणि तिच्यातील क्वार्ट्झ मोजला तर तो अमेरिकी मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट भरतो. आकड्यांचा अर्थ नीट कळण्यासाठी वर घेतलेल्या खोलीकडेच पाहावे. दहा फूट उंचीच्या त्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते, म्हणजे अमेरिकी मर्यादा गाठायला तिच्यात दोन मिलिग्रॅमहूनही कमी, साखरेच्या तीन-चार दाण्यांच्या वजनाइतका बारीक क्वार्ट्झ तरंगत असला तरी पुरे. पूड तयार होते २५ किलो आणि मर्यादा भरते दोन मिलिग्रॅमला, म्हणजे सव्वा कोटी भागांतल्या एका भागाने. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की उठलेली धूळ मागाहून झाडणे, खिडक्या उघडणे किंवा तोंडाला रुमाल बांधणे यांवर भिस्त ठेवणे किती अपुरे आहे हे उघड होते. धूळ जिथे जन्मते तिथेच, ती हवेत मिसळण्यापूर्वी अडवली पाहिजे. याच कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमाने धूळ ओढून घेणारे साधन तिच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ असावे असे सांगितले होते, आणि या विषयातले बाकी सारे तंत्र त्या एका तत्त्वाचा विस्तार आहे.

उगमापाशी अडवण्याचा सर्वांत जुना आणि महाराष्ट्रात सर्वत्र रूढ असलेला मार्ग पाण्याचा आहे. घासाईचे यंत्र चालवणारा कारागीर दोन्ही हातांनी दांडा धरून यंत्र डावी-उजवीकडे झुलवत मागे सरकत जातो, त्याचा जोडीदार मगाने पाणी टाकत राहतो, आणि तबकडीच्या कडेने राखाडी गाळ पसरत जातो. दगड आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा टिकून राहिला तर सुटलेला प्रत्येक कण जन्मतःच भिजतो, शेजारच्या कणांना चिकटतो आणि जड होऊन खालीच राहतो. येथे पाणी कुठे पडते याला फार महत्त्व आहे. धूळ उठल्यावर हवेत पाणी फवारून ती खाली बसवण्याचा प्रयत्न पुष्कळदा होतो, पण बारीक कणांच्या बाबतीत तो फसतो, कारण पाण्याचा मोठा थेंब पुढे सरकताना त्याच्याभोवतीची हवा बाजूला वळते आणि तिच्याबरोबर हलका कणही वळसा घालून निसटतो. म्हणून पाणी अखंड आणि तबकडीखालीच हवे. यंत्रावर टाकी आणि नळी असेल तर उत्तम, आणि मगाने टाकायचे असेल तर गाळ घट्ट होऊ लागण्यापूर्वीच दुसरा मग पडला पाहिजे. घट्ट झालेल्या गाळावर फिरणारा दगड तापतो, त्याची धार मरते आणि कडेने पुन्हा धूर दिसू लागतो. तो धूर म्हणजे धूळच असते.

ओल्या घासाईची खरी कच्ची बाजू काम संपल्यानंतर उघडी पडते. पाण्याने धूळ नष्ट होत नाही, तिचे हवेत जाणे फक्त लांबणीवर पडते. वायपरने कोपऱ्यात लोटून ठेवलेला गाळ रात्रभरात वाळतो आणि दुसऱ्या दिवशी पायांखाली येऊन किंवा खराट्याने झाडताना पुन्हा हवेत जातो. त्यातला बारीक भाग आता सुटा आणि कोरडा असल्याने पहिल्याइतकाच घातक असतो. राजस्थानात किशनगड येथे संगमरवर कापण्याच्या कारखान्यांतून निघणारा गाळ टाकण्यासाठी राखलेली विस्तीर्ण जागा पांढरीशुभ्र झाली असून तेथे हौसेने छायाचित्रे काढायला लोक जातात, परंतु त्या शुभ्रतेचा प्रत्येक कण एके काळी पाण्यात दाबून ठेवलेली धूळच आहे. घरातला गाळ ओला असतानाच सुपलीने उचलून जाड प्लॅस्टिकच्या गोणीत भरावा, तोंड बांधावे आणि मगच जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. तो मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नये, कारण सिमेंटचा अंश असलेला गाळ नळात बसला की दगडासारखा घट्ट होतो. त्याच सिमेंटमुळे गाळ अल्कधर्मी असतो आणि दिवसभर अनवाणी उभ्या असलेल्या कारागिराच्या पायांची त्वचा खातो. गमबूट त्यासाठी हवेत. पाणी आणि वीज एकत्र आल्यामुळे उद्भवणारा धोका तर तात्काळ जिवावर बेतणारा असतो. यंत्राची वायर जमिनीवरून पाण्यात ओढत नेण्याऐवजी खांद्यावरून घ्यावी, अर्थिंग तपासावे, आणि गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी जोडल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

पाणी वापरणे शक्य नसते अशी कामेही असतात. वापरात असलेले कार्यालय, खाली लाकडी पाटण असलेला मजला, किंवा इपॉक्सीचा थर देण्यापूर्वी कोरडीच ठेवावी लागणारी काँक्रीटची जमीन येथे कोरडी घासाई करावी लागते आणि धूळ शोषणाऱ्या यंत्रावर अवलंबून राहावे लागते. शोषणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले तर पुष्कळ चुका टळतात. फुंकलेली हवा दूरवर जाते, पण ओढलेली हवा चारही बाजूंनी येते, त्यामुळे नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके अंतर गेले तरी हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. एखाद्या माणसाने व्हॅक्युमची नळी हातात धरून यंत्राच्या मागे फिरणे म्हणूनच जवळजवळ निरर्थक असते. तबकडीला पूर्ण वेढणारे आवरण हवे, त्याच्या कडेला जमिनीला टेकणारी ब्रशची किंवा रबरी झालर हवी, आणि नळी थेट त्या आवरणाला जोडलेली हवी. झालर झिजून जमिनीपासून बोटभर वर आली की उरलेल्या साऱ्या व्यवस्थेचा उपयोग संपतो, म्हणून रोज सकाळी सर्वांत आधी ती तपासावी.

आवरणातून ओढलेली हवा पुढे कोठे जाते, हा दुसरा प्रश्न. चांगल्या यंत्रात ती आधी चक्री विभाजकातून फिरते, म्हणजे नळकांड्यात गोल फिरताना जड कण कडेला फेकले जाऊन खाली पिंपात पडतात, आणि उरलेली बारीक धूळच गाळणीपर्यंत जाते. गाळणीचे काम चाळणीसारखे चालते असा समज आहे, तो बरोबर नाही. हेपा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळणीतील तंतूंमधली मोकळी जागा पुष्कळ कणांपेक्षा मोठी असते. मोठे कण वळण न घेता आल्याने तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत तंतूंना चिकटतात, आणि या दोहोंच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण अडवायला सर्वांत कठीण असतात. त्यामुळेच हेपा गाळणीची कसोटी त्या मापाच्या कणांवर घेतली जाते आणि तेथे तिने ९९.९७ टक्के कण रोखावेत अशी अपेक्षा असते. घरगुती व्हॅक्युमची साधी गाळणी सिमेंटची पूड आत घेते आणि तिचा बारीक भाग मागच्या झडपेतून खोलीत परत सोडते. गाळणी तुंबली की हवेचा प्रवाह घटतो आणि आवरणाखालून धूळ निसटू लागते, यासाठी ती यंत्रातच झटकली जाण्याची सोय असावी लागते. गाळणी बाहेर काढून भिंतीवर आपटण्याची सर्रास दिसणारी पद्धत दिवसभराचे सगळे संरक्षण एका क्षणात घालवते.

सर्वाधिक धूळ उठते ती कोपऱ्यांत आणि भिंतीच्या कडेला. मोठे यंत्र भिंतीपासून काही इंचांवर थांबते आणि उरलेली पट्टी हातातल्या ग्राइंडरने, बहुधा कोरडीच, गुडघ्यांवर बसून घासली जाते. तबकडी वेगाने फिरत असते, आवरण काढून ठेवलेले असते आणि कारागिराचे नाक कामापासून हातभरही दूर नसते. खोलीचा दहावा हिस्साही न भरणारे हे क्षेत्र त्याच्या श्वासात जाणाऱ्या धुळीचा मोठा वाटा उचलते. एका बाजूने उघडणारे, भिंतीला भिडवता येणारे आवरण बाजारात मिळते. ते नसेल तर निदान झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने जोडीदाराने सतत धार धरावी, अर्थात ओल्या कामासाठीच बनवलेले यंत्र असेल तेव्हाच.

लाकडी जमिनीची गोष्ट निराळी आहे. पाश्चात्य देशांत तिची घासाई हा मोठा व्यवसाय आहे, आणि महाराष्ट्रातही नाट्यगृहांचे रंगमंच, बॅडमिंटनची कोर्टे व जुने बंगले यांत ती करावी लागते. लाकडावर पाणी चालत नाही, कारण त्याने तंतू फुगून उभे राहतात, म्हणून सारी मदार शोषणावरच असते. लाकडाच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका नसते म्हणून ती निरुपद्रवी मानणे चूक ठरते. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावात नाकाच्या पोकळीतील एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण वाजवीपेक्षा जास्त असल्याचे १९६० च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि १९९५ साली लाकडाच्या धुळीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान मिळाले. शिवाय ही धूळ जळते. जुन्या तेलाचा किंवा वॉर्निशचा अंश मिसळलेली पूड पिशवीत साठून राहिली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. त्यामुळे दिवसाचे काम संपताच पिशवी इमारतीबाहेर, झाकणाच्या धातूच्या डब्यात रिकामी करावी.

या सगळ्यानंतरही थोडी धूळ हवेत राहतेच, आणि मुखपट्टीचे काम तेथून सुरू होते. रुमाल किंवा गमछा बारीक कणांना जवळजवळ अडवत नाही. भारतीय मानक ९४७३ नुसार बनलेली एफएफपी२ दर्जाची किंवा एन९५ मुखपट्टी वापरावी, ती नाकावर नीट दाबून बसवावी, आणि दाढीमुळे कडेने फट राहते हे ध्यानात ठेवावे. काम चालू असताना छताचा पंखा बंद असावा, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा, शेजारच्या खोल्यांची दारे प्लॅस्टिकने बंद करावीत, आणि झाडू कोरडा फिरवू नये.

कायद्याचा हात या कामापर्यंत क्वचितच पोहोचतो. राहते घर हा कारखाना नसतो, आणि बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची कामे तसेच ठरावीक खर्चाच्या आतली स्वतःच्या घराची कामे आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती. दोघातिघांच्या टोळीने येऊन दोन दिवसांत फरशी घासून जाणारे कारागीर त्यामुळे कोणाच्याही नोंदीत येत नाहीत. घरमालकाला दोन दिवस सोसावी लागणारी धूळ ते वर्षानुवर्षे सोसतात. दर चौरस फुटावर ठरतो, आणि ज्या कामाचे पैसे दरात धरलेले नसतात ते काम होत नाही. घरमालकांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी फरशीच्या घासाईचा दर ठरवताना अखंड पाणी, आवरण असलेला कडेचा ग्राइंडर, कोरड्या कामासाठी हेपा गाळणीचे शोषक यंत्र, प्रत्येक कारागिराला मुखपट्टी आणि ओला गाळ गोणीत भरून नेण्याची मजुरी या बाबी करारात स्वतंत्रपणे लिहाव्यात आणि त्यांचे पैसे द्यावेत.